गिरमिट आणि पलीकडची बाजू

‘गिरमिट’ हा शब्द मोठा फिरस्ता आहे. हुबळी-धारवाडकडे गिरमिट म्हणजे चुरमुऱ्यांचा झणझणीत पदार्थ. फिजी-मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर नेलेल्या मजुरांच्या इतिहासात तो ‘ॲग्रीमेंट’चा अपभ्रंश. सुताराच्या पेटीत मात्र गिरमिट म्हणजे भोक पाडण्याचे हत्यार, इंग्रजी ‘गिम्लेट’चे देशी रूप. मिरजेसारख्या सीमेवरच्या गावात यांतला पहिला आणि तिसरा अर्थ आजही कानावर पडतो. मला येथे बोलायचे आहे ते तिसऱ्याविषयी. टोकाला पिळदार पाते असलेला लोखंडी दांडा आणि वर आडवी लाकडी मूठ, एवढाच त्याचा संसार. अंगाचा भार टाकायचा, मूठ फिरवायची, आणि लाकडाचा भुसा पिळातून वर येताना पाहायचा.

हा शब्द मला पुन्हा आठवला तो माझ्या भाच्यामुळे. तो काही वर्षांपासून अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असतो. तेथे हिवाळ्यात तळी गोठतात आणि माणसे त्या बर्फावर चालत जाऊन, त्याला भोक पाडून, खालच्या पाण्यात गळ सोडून बसतात. पाणी चार अंश सेल्सियसला सर्वांत जड असते, म्हणून ते तळाशी राहते आणि बर्फ वर तरंगतो. मासे त्या छपराखाली हिवाळा काढतात. भोक पाडण्याचे तिथले हत्यार म्हणजे हातभर व्यासाचे नव्हे, पण चांगले सहा-आठ इंच व्यासाचे गिरमिटच. पूर्वी ते हाताने फिरवीत. मग पेट्रोलची इंजिने आली. अलीकडे लोकांनी सोपी युक्ती काढली आहे. घरात भिंतीला खिळा-स्क्रू बसवण्यासाठी घेतलेले बॅटरीचे ड्रिल काढायचे आणि गिरमिटाची मूठ काढून त्याचा दांडा ड्रिलच्या जबड्यात आवळायचा. “मावशी, याला मराठीत काय म्हणशील?” असे त्याने फोनवर विचारले. “गिरमिटच म्हणेन, फक्त मूठ बदललेले,” असे मी म्हटले. पुढे कितीतरी दिवस त्या बदललेल्या मुठीचा विचार मनातून जाईना.

कारण मूठ बदलली की बरेच काही बदलते. भाच्याने सांगितलेले तपशील मी एखाद्या पाठ्यपुस्तकासारखे ऐकले. ड्रिल संथ गतीच्या गिअरवर ठेवावे लागते, कारण गती कमी तेव्हा पीळ जास्त. पाते बर्फात अडकले तर पाते थांबते आणि ड्रिलच उलटे फिरू पाहते. त्या हिसक्याने मनगट मुरगळते, म्हणून आडवी जोडमूठ हवीच. थंडीने बॅटरीचा जोर ओसरतो, म्हणून ती वापरीपर्यंत कोटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवायची. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ड्रिलच्या खाली, दांड्यावर भोकापेक्षा मोठी एक चकती बसवायची. बर्फ संपतो तेव्हा विरोधही एकाएकी संपतो. जबडा सैल असेल तर गिरमिट सुटून तळ्याच्या तळाशी जाते. चकती ते वर अडवून धरते.

विरोध संपण्याचा हा क्षण मला सगळ्या प्रकरणाचे मर्म वाटतो. मोटारीला फिरणे कळते, पण पलीकडची बाजू जवळ आल्याचे कळत नाही. हाताने गिरमिट फिरवणाऱ्याला ते कळत असे. बर्फ किती जाड आहे हे त्याचे दंड आणि त्याचा श्वास सांगत. फार लवकर पाणी लागले, तर आपण उभे आहोत ती जागा बरी नाही, ही सूचना त्याला न मागता मिळे. यंत्राने ते काम काही सेकंदांत होते, आणि त्या सेकंदांत चार इंच आणि आठ इंच यांतला फरक अंगाला सहज जाणवत नाही. हा फरक मामुली नाही. मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या मार्गदर्शनानुसार पायी चालणाऱ्या माणसाला नव्या, स्वच्छ बर्फाची निदान चार इंच जाडी हवी. पांढुरका बर्फ असेल तर त्याच्या दुप्पट. तीही एकाच ठिकाणी पाहून भागत नाही, कारण एकाच तळ्यावर जाडी पावलागणिक बदलू शकते. भाचा आपल्या सात वर्षांच्या मुलीला सोबत नेतो. मिरजेत बसलेल्या माझ्या बहिणीची झोप उडते ती त्यामुळे.

हे यंत्र काही कालपरवाचे नाही. जर्मनीत स्टुटगार्टच्या फाइन कंपनीने 1895 मध्ये हातात धरण्याचे विजेचे ड्रिल केले. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा घोडा या रचनेचे पेटंट 1917 मध्ये अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकरला मिळाले, आणि 1961 मध्ये त्याच कंपनीने बॅटरीवर चालणारे ड्रिल बाजारात आणले. 1971 मध्ये अपोलो 15 च्या अंतराळवीरांनी बॅटरीचे ड्रिल थेट चंद्रावर नेले. तेथे खोदलेली नळी जमिनीत अशी रुतली की ती उपसून काढायला दोघांना अक्षरशः खांदा लावावा लागला. यंत्राने श्रम वाचवले. पण अडचण आली तेव्हा जुनाच उपाय, माणसाचे अंग, कामी आला.

हे सारे दूरदेशीचे झाले. पण माझ्या गावात याच प्रश्नाची दोन घरे आहेत. पहिले सतारमेकरांचे. मिरजेच्या वाद्यनिर्मितीचा आरंभ एकोणिसाव्या शतकात, पटवर्धन संस्थानिकांच्या काळात, शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांपासून सांगतात. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. तलवारींचे दिवस सरले तेव्हा ते हात तारांकडे वळले. भिंतीसाठी केलेले ड्रिल बर्फावर चालवण्यात जी कल्पकता आहे, तिची ही थोरली बहीण म्हणावी लागेल. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते त्या वळणाचे फळ आहे.

सतारीच्या दांडीत भोके पुष्कळ असतात. मुख्य तारांच्या खुंट्यांची, शिवाय तरफेच्या अकरा-तेरा तारांच्या खुंट्यांची. तरफेच्या तारा जेथून वर येतात ती दांडीच्या अंगावरची बारीक भोके वेगळीच. पूर्वी अशा कामाला सामता असे. धनुष्यासारख्या काठीची दोरी एका उभ्या दांड्याला वेढायची आणि काठी पुढेमागे ओढायची, की दांडा गरगर फिरतो. आता कारखान्यांत विजेची, बॅटरीची ड्रिले आहेत, आणि ती असावीतच. पण तुणाचे लाकूड पलीकडून फुटते ते शेवटच्या सुतावर. टोक बाहेर पडताना जोर तसाच राहिला तर चिरफळी उडते, आणि महिन्याभराच्या कामाला डाग लागतो. सामत्याची दोरी ओढणाऱ्याला शेवटचे पापुद्रे हाताखाली ‘मऊ’ लागत. ड्रिलवाल्याला त्याची तजवीज आधी करावी लागते. खाली फळकूट धरायचे, किंवा टोक जरा डोकावले की थांबून उलट बाजूने भोक पुरे करायचे. खुंटीचे निमुळते घर तर शेवटी हातानेच तासायचे, खुंटी घालून पाहात, पुन्हा काढून, पुन्हा तासून.

दुसरे घर शल्यवैद्यांचे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये येथे रुग्णालय उघडले, आणि तेव्हापासून मिरज हे शस्त्रक्रियेचे गाव आहे. हाड मोडलेला माणूस सांगली-कोल्हापूरहून, बेळगाव-विजापूरहून येथे येतो. हाडात स्क्रू बसवण्यापूर्वी त्याला भोक पाडतात. लांब हाडाला अलीकडची आणि पलीकडची अशा दोन कठीण भिंती असतात, मध्ये पोकळी. दुसरी भिंत ओलांडताना ड्रिल भसकन पुढे गेले तर तेथे स्नायू आहेत, रक्तवाहिन्या आहेत, मज्जातंतू आहेत. म्हणून तरुण शल्यवैद्याला शिकवावे लागते ते ड्रिल चालवणे नव्हे, तर नेमक्या वेळी ते आवरणे. ड्रिलचा बदललेला आवाज ऐकण्याची सवय त्यासाठीच लावायची.

बर्फ, लाकूड आणि हाड ही तीन द्रव्ये, पण प्रश्न एकच. म्हणून ‘जुने ते सोने’ असे म्हणून हा लेख संपवण्याचा मोह मला नाही. हाताने गिरमिट फिरवून कोपराचे दुखणे घेतलेल्या माणसाला सामत्याचे काव्य ऐकवणे हा निव्वळ खुर्चीतला विलास आहे. बॅटरीच्या ड्रिलने साठीच्या म्हाताऱ्याला आणि सात वर्षांच्या मुलीलाही तळ्यावर जागा दिली, ही मोठीच गोष्ट. तक्रार करायची तर ती यंत्राची नव्हे, आपल्या एका गैरसमजाची. श्रम वजा केले की बाकी सर्व जागेवर राहते, असे आपण धरून चालतो. वस्तुतः श्रमाबरोबर एक ज्ञान फुकट मिळत होते. ते श्रमाबरोबरच जाते, आणि गेल्याचे कळतही नाही, कारण त्याची किंमत कधी मोजलीच नव्हती. आता ते हवे असेल तर वेगळे, जाणूनबुजून मिळवावे लागते.

भाच्याला हे माझ्याआधीच ठाऊक होते. बर्फावर पाऊल टाकताना तो पुढे जड पहारीने ठोकत जातो. थोड्या थोड्या अंतरावर भोक पाडतो, आणि प्रत्येक भोकात टोकाला आकडा असलेली पट्टी सोडून, आकडा बर्फाच्या खालच्या कडेला अडकवून इंच मोजतो. मग मुलीला हाक मारतो. पूर्वी जे दंड सांगत, ते आता पट्टी सांगते. मात्र दंड न विचारता सांगत. पट्टीला प्रत्येक वेळी विचारावे लागते. बहिणीला मी हे समजावून सांगितले तेव्हा तिने एवढेच म्हटले, “विचारायला विसरला नाही म्हणजे झालं.”

इतक्या साऱ्या विवेचनाला यापेक्षा नेमका शेरा मला सुचलेला नाही.