१७९.९९

गेल्या वर्षीची गोष्ट. नववीच्या तासाला माझी चांगलीच फजिती झाली.

वर्गात प्रोजेक्टर आल्यापासून भूमितीला मी जिओजेब्रा वापरते. मार्कुस होहेनवार्टरने २००१ साली साल्झबर्ग विद्यापीठात शिकत असताना हे सुरू केलं. फुकट आहे आणि ब्राउझरमध्येच उघडतं. त्रिकोण काढायचा, एक शिरोबिंदू माउसने धरून ओढायचा, की कोनांची मापं भराभर बदलतात. फळ्यावर मी तासाभरात चार त्रिकोण काढणार, इथे मिनिटात पन्नास! मुलं खूश, मीही खूश.

"कसाही ओढा, बेरीज १८०च येणार," मी तोऱ्यात सांगितलं आणि वहीत बेरजा करायला लावल्या. मागच्या बाकावरून एक हात वर आला.

"बाई, माझी १७९.९९ येतेय."

४७.१२, ६१.३३, ७१.५४. मी दोनदा करून पाहिली. तिची बेरीज बरोबर होती!

"अगं, कॉम्प्युटरचं असतं तसं. १८०च धर." तास संपत आला होता ना... ती बसली. वहीत १८० लिहिलंही तिने.

संध्याकाळी भाजी चिरताना तो हात काही डोळ्यासमोरून जाईना. कारण तसं साधं होतं. पडद्यावर दशांश चिन्हापुढे दोनच अंक दिसत होते, बाकीचे राउंड ऑफ. तिन्ही कोनांत थोडं थोडं गळलं की बेरजेत ०.०१ कमी. हे सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण खुपत होतं ते वेगळंच. त्या दिवशी वर्गात खरं गणित ती एकटीच करत होती. बाकीच्यांनी पडद्यावर विश्वास ठेवला, आणि मीसुद्धा. पन्नास त्रिकोण ओढून दाखवले म्हणून सिद्ध थोडंच होतं?

दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टर लावलाच नाही. सगळ्यांसमोर तिला म्हटलं, "काल तुझं बरोबर होतं, माझं चुकलं," आणि खडू तिच्या हातात दिला. वरच्या शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढायला सांगितली. व्युत्क्रम कोन एकरूप, म्हणजे खालचे दोन्ही कोन वरच्या कोनाच्या दोन बाजूंना येऊन बसले. तिघांची मिळून सरळ रेषा. १८०. पॉइंट-बिइंट काही नाही.

"म्हणजे बाई, मोजायलाच नको!"

असो. जिओजेब्रा सोडलेलं नाही हं. फक्त आता मुद्दाम तो १७९.९९वाला त्रिकोणच आधी दाखवते, आणि गप्प बसते. गप्प बसणंच जड जातं.