‘साठी बुद्धी नाठी’ म्हणू नका

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण हसत वापरतो. पण ज्या घरावर तशी वेळ येते, तिथे कुणाला हसू येत नाही. माझ्या सासूबाईंना सहा वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे, म्हणून हे चार शब्द.

विसरणे कुणाला चुकले आहे? विळा कुठे ठेवला हे आठवत नसेल, तर तो वयाचा भाग. पण विळा हातात असून त्याचे काय करायचे हेच कळेनासे झाले, तर ते दुखणे समजावे. यात मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होतात. याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार १९०६ साली अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी प्रथम मांडला. त्याला त्यांचेच नाव पडले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या दर शंभरात सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश असल्याचे दिसले, आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. म्हणजे आपल्या प्रत्येक गावात अशी माणसे आहेत.

मग ती दिसत का नाहीत? कारण आपण ती झाकून ठेवतो. सासूबाई जेवून हात धुतात आणि थोड्या वेळाने ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, “सुनेनं सकाळपासून तुकडा दिला नाही.” त्या खोटे बोलत नसतात, जेवल्याची आठवणच उरलेली नसते. पण गावात नाव खराब होते ते सुनेचे. कुणी बाहेरची बाधा म्हणते, कुणी अंगारा आणून देते. अशाने घर दार लावून घेते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी सगळ्या बायकांना हे उघड सांगितले. तेव्हा एकजण म्हणाली, “आमचे मामंजी रात्री उठून दहा वर्षांमागं विकलेल्या बैलांना वैरण टाकायला निघतात. आम्ही बाहेरून कडी घालतो, पण बोलत नाही कुठं.” दुसरीच्या डोळ्यांना पदर लागला, तिची आई तिला ओळखत नव्हती. त्या दिवसापासून आमच्या आळीत पुष्कळ बदलले. दुकानदार सासूबाईंना गोड बोलून घराकडे वळवतो. पोरे चिडवत नाहीत. त्या विहिरीच्या वाटेला लागल्या, तर शेतातला माणूस हाक मारून थांबवतो.

अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. आधी डॉक्टरांना दाखवा. थायरॉईड, बी-१२ ची कमतरता किंवा मनाची उदासी यांमुळेही असाच विसराळूपणा येतो, आणि त्यावर उपचार आहेत. स्मृतिभ्रंश मुळापासून बरा करणारे औषध नाही, पण वागणुकीने पुष्कळ साधते. “बैल कधीच विकले” असा वाद घालू नका. “वैरण टाकली आहे, तुम्ही निजा” म्हणा. कीटकनाशकाचे डबे कुलपात ठेवा, विहिरीला कठडा बांधा. न समजलेल्या कागदावर त्यांचा अंगठा कुणाला घेऊ देऊ नका. स्वतःसाठी रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवा, तंबाखू सोडा, ऐकू कमी येत असेल तर कान दाखवा. याने पुढचा धोका कमी होतो. सल्ला हवा असेल, तर ज्येष्ठांसाठी सरकारचा १४५६७ हा मोफत फोन आहे.

आणखी एक. हे ओझे एकट्या सुनेचे नव्हे. मुलांनी, लेकींनी, जावांनी पाळ्या लावून घ्याव्यात. आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळाली, तरी सांभाळणारीला बळ येते.

यापुढे कुणी म्हातारे माणूस तुम्हाला “मला जेवायला दिलं नाही” म्हणाले, तर त्याच्याजवळ घडीभर बसा, दोन शब्द बोला. मग आत जाऊन त्या घरच्या सुनेला विचारा, “बाई, तू जेवलीस का?”