चाळिशी लागण्यापूर्वी

तुमच्या गावात पाहण्यासारखं काय काय आहे, असं कुणी विचारलं तर तुम्ही घडाघडा सांगाल. पण त्यातलं तुम्ही स्वतः किती पाहिलंय? पाहुण्यांच्या मागून पाण्याच्या बाटल्या, पोरांचे स्वेटर आणि दशम्यांचा डबा सांभाळत नव्हे बरं का. सावकाश, आपल्याला वाटेल तिथं थांबून?

माझं माहेर बार्शीचं. लग्न होऊन कोल्हापुरात आले त्याला पंधरा वर्षं झाली. अंबाबाईचं गाव, त्यामुळे दोन्हीकडची नातीगोती वर्षातून एकदा तरी येऊन जातात, आणि त्यांना गाव दाखवायचं काम घरच्या सुनेकडे. पन्हाळा माझा सात वेळा झालाय. नवा राजवाडा अकरा वेळा. रंकाळ्याची तर मोजदादच नाही. पण राजवाड्यातल्या संग्रहालयात काय आहे म्हणाल, तर मला आठवतं ते एवढंच, की तिथं आमचा धाकटा भोकाड पसरून रडत होता आणि नणंदेच्या मुलीची एक चप्पल हरवली होती. शाळेत मी अर्धवेळ इतिहास शिकवते, हे आणखी विशेष!

दोन वर्षांपूर्वीच्या, म्हणजे २०२४ च्या पाडव्याला वाणसामानाची यादी करत होते. डोळ्यांवर ताण आला म्हणून कागद जरा लांब धरला, तर हे हसून म्हणाले, "चाळिशी आली की तुला!" चष्म्याची चाळिशी आणि वयाची चाळिशी, दोन्ही एकदमच डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. माझ्या आईला वेरूळ बघायचं होतं. फार काही अवघड नव्हतं ते. पण आधी आमची शिक्षणं, मग लग्नं, मग बाळंतपणं, आणि सगळं उरकलं तेव्हा तिचे गुडघे गेले होते. आता फोनवर कैलास लेण्याची चित्रं पाठवली की "छान आहे गं" म्हणते.

त्या वाणसामानाच्या यादीच्या पाठीमागेच मी दुसरी यादी लिहिली. चाळीस पुरी व्हायच्या आत करायच्या नऊ गोष्टी. काश्मीर नाही, सिंगापूर नाही. सगळ्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या, एका दिवसात संध्याकाळच्या कुकरच्या आत परत येता येईल अशा. हे मुद्दाम सांगते, कारण यादी करताना आपला हात आधी खर्चापाशी अडतो. माझा तसा अडला नाही. अडला तो "एकटी जाणार?" या प्रश्नापाशी.

सुरुवात अगदी किरकोळ केली. गंगावेशीतला दूध कट्टा! तिथं म्हशी आणून बांधतात, समोर धार काढतात आणि फेसाचा पेला हातात देतात. आमच्या घरातली पुरुषमंडळी लहानपणापासून तिथं जाऊन धारोष्ण दूध पिऊन येतात. बायकांनी तिथं उभं राहू नये असा काही नियम नाही; पण कुणी उभं राहिलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. एका रविवारी सकाळी गेले. पेला घेतला. शेजारी एक पैलवान, तालमीतून आलेला, दुसरा पेला रिचवत होता. त्यानं नुसतं सरकून जागा दिली, बाकी काही नाही. दूध कोमट असतं, गोडसर, आणि वरच्या ओठाला मिशी येते. घरी येऊन सांगितलं तर सासूबाई म्हणजे आत्याबाई म्हणाल्या, "मला न्यायचं हुतंस की. मी बी न्हाई पिलो कधी तितं." (आमच्या कोल्हापूरच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. बार्शीहून आल्यावर पहिलं वर्षभर मला हसू आवरायचं नाही.) आत्याबाई याच गावात जन्मल्या. वय एकाहत्तर.

पुढची पायरी टाऊन हॉलची. सी.पी.आर. दवाखान्यात कुणाला भेटायला, डबा द्यायला आपण किती वेळा जातो! त्याच्या जवळच बागेत टाऊन हॉलची जुनी दगडी इमारत आहे, १८७०च्या दशकातली. मेजर मँट नावाच्या इंग्रज वास्तुकारानं ती बांधली, नवा राजवाडाही त्याचाच. आत वस्तुसंग्रहालय आहे, आणि त्यात हातात मावेल एवढी काशाची एक मूर्ती आहे. पोसायडन हा ग्रीकांचा समुद्रदेव. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकात उत्खनन झालं, त्यात ती सापडली. सातवाहनांच्या काळात रोमशी आपला व्यापार होता, हे मी वर्गात दरवर्षी सांगते. पण समुद्रापलीकडून आलेला तो देव माझ्या भाजी मंडईपासून चालत जाण्याच्या अंतरावर उभा आहे, हे पाहिल्यावर पुढच्या सोमवारी तो धडा मी पुस्तक मिटून शिकवला. जाताना सुट्टीचा वार मात्र विचारून जा.

एक गोष्ट राहिली ती कायमचीच. केशवराव भोसले नाट्यगृहात शेवटच्या रांगेत नव्हे, पुढे बसून एक संगीत नाटक पाहायचं, असं मी लिहिलं होतं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून बांधलेलं हे नाट्यगृह. शेजारीच त्यांचं खासबाग कुस्ती मैदान. महाराज १९०२ मध्ये युरोपात गेले, रोमचं ते जुनं गोल क्रीडागार पाहिलं, आणि कुठंही बसलं तरी कुस्ती दिसेल असं मैदान आपल्या गावात करून घेतलं. पुढे नाट्यगृहाला केशवरावांचं नाव मिळालं. संगीत रंगभूमीवरचा हा कोल्हापूरचा गुणी नट अवघ्या एकतिसाव्या वर्षी, १९२१ मध्ये गेला. ९ ऑगस्ट हा केशवरावांचा जन्मदिवस. त्याच्या आदल्या रात्री, ८ ऑगस्ट २०२४ ला, नाट्यगृहाला आग लागली. सकाळी शाळेत जाताना पाहिलं तर रस्त्यावर माणसं नुसती उभी होती. पुरुष रडत होते, जुने पडद्यामागचे कामगार. माझ्या यादीला तेव्हा चारच महिने झाले होते. पुन्हा उभारणी सुरू झाली, आणि नव्या इमारतीत मी पहिल्या वर्षातच जाईन. पण महाराजांनी बांधलेल्या त्या लाकडी गॅलरीखाली बसायचं राहिलं ते राहिलंच. त्या आठवड्यात मी यादी काढली आणि "दिवाळीनंतर बघू" असं जिथं जिथं लिहिलं होतं ते खोडलं.

म्हणून श्रावणातच खिद्रापूर गाठलं. आत्याबाई म्हणाल्या, "देवाचं हाय न्हवं? मी बी येतो." कोल्हापूरहून साठेक किलोमीटर, शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी. नृसिंहवाडीला दत्ताच्या पादुकांचं दर्शन, तिथून कुरुंदवाडवरून पुढे. एस.टी.त आता बायकांना अर्धं तिकीट आहे, २०२३ पासून. आम्हा दोघींचं मिळून एकच तिकीट झालं, याचा आत्याबाईंना देवदर्शनाहून जास्त आनंद!

तिथलं कोपेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं. पुढे स्वर्गमंडप आहे. अठ्ठेचाळीस खांबांचा, गोल, आणि मधोमध छताला मोकळं वर्तुळ सोडलेलं. त्याच्या बरोबर खाली तसाच गोल एक अखंड दगड. आम्ही पोचलो तेव्हा सर येऊन गेली होती. दगड ओला, आणि त्यात वरचं आभाळ दिसत होतं. बाहेर देवळाच्या पायाशी चहूबाजूंनी हत्ती कोरलेत. सगळं देऊळ आपल्या पाठीवर घेऊन उभे आहेत. पुष्कळांच्या सोंडा तुटलेल्या आहेत.

पण खरी गंमत पुढेच आहे. शंकराचं देऊळ, आणि समोर नंदी नाही! कथा अशी सांगतात, की सती बापाच्या घरी, दक्षाच्या यज्ञाला गेली ती नंदीवर बसून. माहेरी नवऱ्याचा अपमान झाला, तो तिला सोसवला नाही आणि तिनं यज्ञात उडी घेतली. इकडे शंकर कोपले, तो हा कोपेश्वर. त्यांना शांत करायला विष्णू आले, ते धोपेश्वर. गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत ती म्हणून. आणि नंदी राहिला नदीपलीकडे, आज कर्नाटकात असलेल्या यडूरला. आत्याबाई त्या रिकाम्या जागेकडे बघत बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, "माझ्या बापानं यांना मानपान नीट केला न्हवता. मी बारा वर्सं माहेराला गेलो न्हाई." पंधरा वर्षं एका घरात राहते आहे मी. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे काही विचारलं नाही. डबा उघडला, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. परतीच्या गाडीत त्या माझ्या खांद्यावर झोपल्या.

आता पन्हाळा. आठव्यांदा, पण पहिल्यांदाच एकटीनं! यावर घरात दोन दिवस अबोला झाला. "लोक काय म्हणतील" हे ह्यांनी म्हटलं नाही, पण चेहऱ्यावर तेच होतं. शेवटी थोरलीनं, आठवीतली, "मी भात लावीन आणि बाबा कोशिंबीर करतील" असं परस्पर जाहीर केलं आणि विषय मिटला. वीस किलोमीटरचं तर अंतर. मंगळवार होता, गर्दी नव्हती. धुकं एवढं की तीन दरवाजातून पुढचा माणूस दिसेना.

पन्हाळ्यावर आपण शिवाजी महाराजांची १६६० ची सुटका आठवतो, बाजीप्रभू आठवतो, शिवा काशीद आठवतो, आणि ते योग्यच आहे. मी मात्र त्या दिवशी ताराबाईसाठी गेले होते. कावळा नाक्यावर तिचा घोड्यावरचा पुतळा रोज दिसतो, म्हणूनच की काय, नीट पाहिला जात नाही. राजाराम महाराज १७०० साली गेले तेव्हा ती पंचविशीत होती. पदरात लहान मुलगा. सात वर्षं तिनं औरंगजेबाशी लढा चालवला. बादशहा इथंच, दख्खनमध्ये, संपला. मग शाहू महाराज सुटून आले, घरात वाटे पडले, आणि कोल्हापूरची वेगळी गादी झाली ती तिच्यामुळे. हे सगळं मुलांना शिकवते. शिकवत नाही ते पुढचं. १७१४ मध्ये सवतीनं, राजसबाईनं, तिला बाजूला सारून आपल्या मुलाला गादीवर बसवलं आणि ताराबाई याच पन्हाळ्यावर कैदेत पडली. जन्म १६७५ चा. वजाबाकी करा. एकोणचाळीस!

सज्जा कोठीत उभी राहून मी ती वजाबाकी पुन्हा केली. खाली दरी आहे, पण त्या दिवशी नुसता पांढरा पडदा होता. इथं संभाजी महाराजांनाही ठेवलं होतं म्हणतात. ताराबाई सोळा-सतरा वर्षं गडावर अडकली, मग साताऱ्याला गेली, सत्तरी उलटल्यावर पुन्हा राजकारणात उतरली आणि पेशव्यांना पुरी पडली. गेली १७६१ च्या डिसेंबरात, पानिपतानंतर. वय शहाऐंशी. २०२५ च्या जुलैत पन्हाळ्याचं नाव जागतिक वारशाच्या यादीत लागलं तेव्हा गावात साखर वाटली. मला आपली ती धुक्यातली सकाळच आठवली, आणि दहा रुपयांचा चहा, तो मी बसून, गरम असताना प्यायले.

बाकीच्यांतल्या दोन झटपट झाल्या: सायकलवरून रंकाळ्याला पूर्ण फेरी (पाय दुखले, दुसरं काही नाही) आणि गुजरीत जाऊन साजाची पानं एकेक करून ओळखणं. एकवीस पानं असतात, त्यांत विष्णूचे दहा अवतार आणि अष्टमंगल. आपण गळ्यात घालतो आणि मोजत नाही. दाजीपूरचे गवे राहिलेत. त्याला गाडी करावी लागते, आणि या वर्षी थोरलीच्या शिकवणीचा खर्च आहे.

उरला किरणोत्सव. अंबाबाईचं तोंड पश्चिमेला. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. वाटेतल्या इमारतींमुळे कधी कधी किरणं अडतात, ढग आले तर विचारायलाच नको. पण माझी अडचण निराळीच आहे. ही वेळ नेमकी दिवेलागणीची! मुलं शाळेतून आलेली, ह्यांचा चहा, उद्याचं कणीक-भाजी. देवळापासून अर्ध्या मैलावर राहून पंधरा वर्षांत मला ती वीस मिनिटं मिळालेली नाहीत.

चाळीस पुरी व्हायला फेब्रुवारीचा दुसरा आठवडा उजाडेल. आत्याबाईंनी नोव्हेंबरचं नक्की केलंय. दहा तारखेला जायचं, अकराला गर्दी फार होते. चार वाजताच रांगेत बसायचं, त्यांच्यासाठी घडीचं स्टूल न्यायचं. चहाचं काय, असं ह्यांनी विचारलं, तेव्हा आत्याबाईंनी परस्परच सांगितलं, "दूध-साखर कुटं आस्तीया ते तुला दावून ठेवतो."