उन्हाची वाट, पाण्याची खूण

कोल्हापुरात उन्हाला जाण्या-येण्याची वाट आहे. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येतं, गरुडमंडप ओलांडतं, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा असं करत अंबाबाईच्या गाभाऱ्यात पोचतं. नोव्हेंबरची 9, 10, 11 तारीख आणि पुढे 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी. परंपरेने पहिल्या दिवशी किरणं पायांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी चेहऱ्यापर्यंत जातात. ढग आले, हवेत धूळ किंवा बाष्प जास्त असलं की ती वाटेतच मंदावतात. किरणांच्या आड येणाऱ्या इमारतींची चर्चा तर गावात वर्षानुवर्षं चालू आहे. त्या दिवसांत संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर, रिक्षा थांब्यावर एकच प्रश्न असतो, "आज कुठवर गेली?" समोरचा सांगतो, "कंबरेपर्यंत." कुणाची किरणं, कुठल्या देवळात, हे सांगावं लागत नाही.

मी या गावाचे फोटो काढते ते हाच प्रश्न घेऊन. ऊन कुठवर आलंय, हे बघायला कॅमेरा खांद्याला लावून बाहेर पडते. शुक्रवार पेठेतल्या एखाद्या बोळात सकाळचं ऊन हिवाळ्यात दहा मिनिटांपुरतं येतं. त्यात कुणी चादर वाळत घातलेली असते, कुणी आजी पाय पसरून गव्हाला ऊन दाखवत असते. शेजारी एक मजला चढला की पुढच्या वर्षी त्या आजीला दारातून उठून रस्त्यापलीकडे बसावं लागतं. अशा दोन फोटोंमधलं अंतर मला फार महत्त्वाचं वाटतं. देवळातल्या किरणांच्या वाटेवर गावाचं लक्ष आहे. आजीच्या दारातल्या उन्हावर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं, म्हणून मी तिथे परत परत जाते.

गंगावेशीत पहाटे म्हशी येतात. दुधाचा कट्टा म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगायचं, तर तिथे म्हैस तुमच्यासमोर उभी असते, गवळी धार काढतो आणि ग्लास तुमच्या हातात देतो. थंडीत तिथे फोटो काढताना मी म्हशीच्या पाठीकडे बघते. पाणी मारून धुतलेली काळी पाठ, तिच्यावरून उठणारी वाफ आणि मागून येणारं पहिलं ऊन. काळ्या कातडीवर कॅमेऱ्याचं मीटर हमखास फसतं आणि सगळं चित्र पांढुरकं करून ठेवतं. म्हणून एक्स्पोजर मुद्दाम कमी करावं लागतं, मग काळं काळं राहतं आणि फेस तेवढा उजळतो. धार ग्लासात पडताना आधी जाड आवाज येतो, ग्लास भरत गेला की तो बारीक होतो आणि फेस काठाच्या वर बोटभर उभा राहतो. तो काठावरून ओघळायच्या आतला क्षण मला हवा असतो. "ताई, आधी दूध प्या, मग फोटो," असं गवळीमामा म्हणतात आणि त्यांचं बरोबर आहे. धारोष्ण दूध ताटकळत ठेवायचं नसतं.

जून संपता संपता गावाचा प्रश्न बदलतो. उन्हाचा पत्ताच नसतो. गगनबावड्याकडून ढग सरकत येतात आणि आठवडाभर आकाश राखाडी राहतं. आता सगळे विचारतात, "पाणी कुठवर आलं?" पंचगंगेवरचा राजाराम बंधारा बुडाला, घाटावरची देवळं पाण्यात गेली, शिवाजी पुलाला पाणी ठरलेल्या उंचीला टेकलं की "मच्छिंद्री झाली" ही बातमी घराघरांत पोचते. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की फोन सुरू होतात. राजाराम बंधाऱ्यापाशी 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. 2019 साली पाणी 55 फूट 7 इंचांवर गेलं, 2021 साली 56 फूट 3 इंचांवर.

त्या दोन्ही पुरांचे होड्यांचे, बुडालेल्या छपरांचे फोटो पुष्कळांकडे आहेत आणि ते असायलाच हवेत. मला मात्र पूर ओसरल्यानंतरच्या भिंतींनी धरून ठेवलं. पाण्याने भिंतीवर ओढलेली गढूळ रेघ खिडकीच्या चौकटीवरून, देवांच्या तसबिरींवरून, कॅलेंडरच्या खिळ्यावरून सरळ जाते. लोकांनी घरं धुतली, पुढच्या दिवाळीला रंग दिला, तरी काही घरांत ती रेघ रंगाखालून पुसट दिसते. एका घरातल्या काकूंनी त्या रेघेजवळ नातवंडांची उंची मोजायच्या खुणा केल्या आहेत. त्यांनी मला आत बोलावून तो फोटो काढायला सांगितला. त्या भिंतीएवढी खरी पूरनोंद मला दुसरीकडे बघायला मिळालेली नाही.

रंकाळा तळ्यातला संध्यामठ ही याच मोजणीची जुनी पट्टी. पावसाळ्यात तो पाण्यात शिरतो आणि उन्हाळ्यात दगडी खांबांसकट उघडा पडतो. चित्रकार आबालाल रहिमानांनी तो रंगवला. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून हा माणूस कोल्हापूरला परतला, शाहू महाराजांचा आश्रय त्याला लाभला आणि 1931 साली जाईपर्यंत तो रंकाळा, पंचगंगा, कोटीतीर्थ हेच रंगवत राहिला. महाराज गेल्यावर दुःखाच्या भरात त्याने आपली असंख्य चित्रं कोटीतीर्थाच्या पाण्यात सोडली, असं गावातली जुनी माणसं सांगतात. रंकाळ्यावर कॅमेरा लावताना मला दरवेळी त्याची आठवण होते. त्याच पाण्याकडे, त्याच मठाकडे आयुष्यभर बघत राहणं हे मला धाडसाचं काम वाटतं. दूरच्या देशांची चित्रं करायला निमित्त सापडतं. घराजवळच्या तळ्यावर रोज जायला मात्र आतूनच काहीतरी लागतं. याच गावात बाबूराव पेंटरांनी 1918 च्या सुमारास चलच्चित्रांचा कॅमेरा स्वतः बांधला. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचं स्मारक आहे. तिथून जाताना नव्या लेन्सच्या किमतींचा विचार मनातून निघून जातो.

आषाढात त्र्यंबोलीची, म्हणजे टेंबलाईची, यात्रा असते. पंचगंगेचं नवं पाणी कलशात भरून, हळदीकुंकू लावून गल्लीगल्लीतून टेंबलाईच्या टेकडीकडे नेतात. पुढे पी-ढबाक वाजत असतं, मागे डोक्यावर कलश घेतलेल्या मुली. वरून भुरभुर पाऊस, खाली ओला डांबरी रस्ता, त्यात हिरव्या-लाल परकरांची प्रतिबिंबं. प्रकाश इतका कमी की शटर मंद ठेवावं लागतं आणि चालणाऱ्या मुली हमखास हलतात. हलू देत. डोक्यावरचा कलश मात्र हलत नाही, कारण एक हात कायम वर असतो आणि मान ताठ असते. सगळं वाहतं आहे आणि कलश जागच्या जागी, असा एखादा फोटो मिळाला तर आषाढाचं सार्थक झालं. भिजलेली लेन्स पुसायला ओढणीचं कोरडं टोक शिल्लक राहिलं तर भाग्यच.

चैत्रात जोतिबाच्या यात्रेहून परतणारी, गुलालाने नखशिखांत माखलेली माणसं मध्यवर्ती बसस्थानकावर दिसतात. मेमधला वळीव तासाभरात सगळं गाव धुऊन टाकतो. यांवर लिहिण्यापेक्षा यांचे फोटो काढावेत.

फोटोंचं पुढे काय करायचं, याचं माझं उत्तर पक्कं आहे. ज्याचा फोटो त्याला प्रिंट. मोबाइलवर पाठवलेला फोटो चार दिवसांत खाली जातो. कागदावरचा फोटो देव्हाऱ्याशेजारी, टीव्हीच्या वर, गोठ्याच्या खांबाला लागतो. गंगावेशीतल्या मामांना मी त्यांचा फोटो दिला तर त्यांनी आधी म्हशीचं शिंग नीट आलंय का ते बघितलं. मग म्हणाले, "पाडव्याला या. शिंगं रंगवणार, मोरपिसं लावणार. तवा काढा."

दिवाळीच्या पाडव्याला म्हशींचं कौतुक असतं. पंचगंगेवर धुतलेल्या, रंगवलेल्या, घुंगरू बांधलेल्या म्हशी मालकाच्या मोटारसायकलीमागे धावत सुटतात, पुढे गाडीचा फाटका आवाज आणि दोन्ही बाजूंना ओरडणारी पोरं. नोव्हेंबरातलं ऊन तिरपं असतं, त्यामुळे दिवस कलताना जागा घ्यावी लागेल. शटर एक हजाराच्या वर ठेवावं लागेल आणि उभं राहायचं ते वळणाच्या आतल्या बाजूला, कारण वेगात वळणारी म्हैस बाहेरच्या बाजूला फेकली जाते. मामांची म्हैस कुठली हे ओळखायला अडचण नाही. तिचं डावं शिंग टोकाशी किंचित आत वळलंय.