दाजींच्या गाडीचा पिकअप

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला आम्ही बेळगावहून अक्काकडं बाजव्याला गेलो होतो. बडोद्याहून अहमदाबादकडं निघालं की लगेच लागणारं हे स्टेशन. शेजारी गुजरात स्टेट फर्टिलायझर्सचा कारखाना, जवळच कोयलीची रिफायनरी. रस्त्यावर सदानकदा ट्रक आणि टँकर. दाजी नोकरीच्या निमित्तानं तिकडं गेले आणि निवृत्तीनंतरही तिथंच राहिले.

त्या रात्री फटाक्यांच्या धुरानं अक्काला धाप लागली. दम्याचा त्रास तिला जुनाच. दाजींनी गाडी काढली, मी पुढं बसलो, बायको मागं अक्काला धरून. बडोद्याचा दवाखाना आठ-दहा किलोमीटरवर. वाटेत पुलाच्या चढावर गाडी अडखळली. तिसऱ्यावरून दुसरा गिअर, मग पहिला. दाजींचा पाय पूर्ण दाबलेला, गाडी मात्र रांगतेय. मागं टँकरचा हॉर्न, आणि त्याहून जवळ अक्काच्या छातीतली घरघर. तो चढ संपेपर्यंत आम्ही कुणीच बोललो नाही.

अक्का दुसऱ्या दिवशी बरी होऊन घरी आली. पण दाजी खचले होते. "मी आता अडुसष्ट वर्षांचा, गाडीही म्हातारी. दोघांनाही बसवा घरी," असं म्हणाले. बंगळूरचा भाचाही फोनवर गाडी विकायचाच आग्रह धरत होता. गाडी विकली तर अक्काला रात्री-अपरात्री न्यायचं कुणी, हा प्रश्न कुणी काढला नाही. माझ्या डोक्यातून मात्र तो जाईना.

गाडी २००९ सालची, ७९६ सीसीची, मागाहून सीएनजी किट बसवलेली. आधी आम्ही गाड्यांच्या सजावटीच्या एका दुकानात गेलो. त्यानं बारा हजारांचा हिशेब मांडला : उघडा शंकूसारखा एअर फिल्टर, मोठ्या नळीचा सायलेन्सर आणि अ‍ॅक्सिलरेटरला जोडायची एक डबी. "रॉकेट होईल," म्हणाला. दाजी पाकीट काढायच्या बेतात होते. मी म्हटलं, एकदा मिस्त्रीला दाखवू.

बाजव्यातले मिस्त्री साठीचे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पहेलां एने श्वास तो लेवा दो." मग त्यांनी जे समजावलं ते मराठीच्या मास्तरलाही कळलं. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पंधरा किलो हवा लागते. उघडा फिल्टर बॉनेटच्या आतली तापलेली, विरळ हवा ओढतो. कंपनीचा डबा बाहेरची गार हवा घेतो. एवढ्याशा इंजिनाला मोठा सायलेन्सर लावला तर आवाज वाढतो, आणि चढावर लागणारी ताकद उलट कमी होऊ शकते. डबीचं तर हसूच आलं. ती इलेक्ट्रॉनिक पेडलच्या गाड्यांसाठी असते, आणि तिथंही इंजिनाची ताकद वाढत नाही, थोड्या दाबात जास्त हुकूम जातो इतकंच. दाजींच्या गाडीला साधी केबल! कायद्याचंही आहेच. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल पाहिला, तर कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. मान्यताप्राप्त सीएनजी किट चालतं, पण त्याचीही नोंद आरसी बुकात लागते.

मिस्त्रींनी बॉनेट सगळ्यात शेवटी उघडलं. आधी मागची चाकं जॅकवर उचलून हातानं फिरवली. उजवं फिरलं, डावं अडलं. हँडब्रेकची केबल गंजून ब्रेक अर्धवट लागलेलाच राहत होता. टायरमध्ये हवा कमी. डिकीत सिलिंडरचं वजन होतंच, वर जुनी बॅटरी, विटा आणि गव्हाचं अर्धं पोतं. क्लच तपासला. इंजिन ओरडतंय पण वेग वाढत नाही, असं असतं तर तो घसरतोय म्हणायचं. तो बरा होता.

मग मला आत बसवलं आणि बॉनेट उघडून म्हणाले, "पूरु दबावो." मी पाय दाबला. "आटलुं ज?" मी म्हटलं, एवढंच, तळाला लागलं. ते आले, खाली वाकले आणि पेडलखालून एक घडी ओढून काढली. नवलगुंदच्या जमखान्याचा तुकडा! गाडी घाण होऊ नये म्हणून अक्कानं मायेनं दुमडून अंथरलेला, माहेरच्या मुलखाची आठवण. पेडल त्याच्यावर टेकत होतं आणि हवेची झडप पुरती उघडतच नव्हती. वर केबलही ढिली. पाय पूर्ण दाबूनही इंजिनापर्यंत अर्धाच हुकूम पोचत होता. आणि ही घडी सरकून पेडल दाबलेलंच अडकलं असतं तर? मिस्त्रींनी तेवढं एकच वाक्य रागानं म्हटलं.

एअर फिल्टर धुळीनं मातीच्या रंगाचा झालेला. थ्रॉटलच्या नळीत काजळी, ती फवारा मारून पुसली. प्लग बदलले. गॅस पेटवायला ठिणगी जोरकस लागते, म्हणून त्यांची गॅप थोडी कमी ठेवली. शेवटी दाजींना सांगितलं, गॅस हवेची जागा अडवतो, त्यामुळं सीएनजीवर ताकद साधारण दहा टक्के कमीच राहणार. मोठा चढ आला की आधीच बटण दाबून पेट्रोलवर या. एकूण बिल दुकानदाराच्या हिशेबाच्या चौथ्या हिश्श्याएवढंही झालं नाही.

संध्याकाळी आम्ही चौघं त्याच पुलावर गेलो. रॉकेट वगैरे काही झालं नाही. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी न कुरकुरता चढली, एवढंच. दाजी खुशीत येऊन चौथा टाकणार, तोच मागून माझी धारवाडची बायको म्हणाली, "सावकाश होगरी, दाजी!" हा शब्द आपल्या दोन्ही भाषांत एकच, त्यामुळं अनुवादाची गरज पडली नाही. दाजी अक्काला म्हणाले, "गाडीचा फिल्टर बदलला, आता तू तुझा पंप रोज घे." ती औषधाचा पंप आठवण झाली तरच घेते, हे मला तेव्हा कळलं.

भाच्याला दाजींनी स्वतः फोन केला. गाडी विकायची नाही, दर सहा महिन्यांनी मिस्त्रींना दाखवायची, असं ठरलं. रात्री चालवायची वेळ आली तर शेजारचा मुलगा येईल, हेही त्यांनी आपणहून मान्य केलं.

बेळगावला परतल्यावर कॉलेजला जाताना मी माझ्या गाडीत वाकून पाहिलं. पेडलखाली रबराची पायपुसणी एकावर एक दोन. वरची काढली आणि मगच किल्ली फिरवली.