आपण, म्हणजे कोण?

सर्वनामे शिकवताना आम्ही दोघेही एक गोष्ट हटकून सांगत आलो : ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये तो असतो. इंग्रजीला हा भेद ठाऊक नाही, असेही जरा तोऱ्यात सांगतो. त्या भेदाची किंमत मात्र आम्हांला खर्ड्याहून भूममार्गे बार्शीला जाणाऱ्या रस्त्याने शिकवली.

आमच्यापैकी एकीच्या स्तनात गाठ निघाली. तिचा तुकडा तपासणीसाठी काढला तो एका केंद्रात (नाव नको). सुई सुटताना ‘खट्’ असा आवाज होईल, एवढेसुद्धा तिथे कोणी सांगितले नाही. जागा बधिर केली होती, तेव्हा दुखले फारसे नाही. पण ते दचकणे अजून अंगात आहे. ‘श्वास’ हा 2004चा चित्रपट आजवर आम्ही आजोबा-नातवाच्या मायेची कथा म्हणून शिकवत होतो. शस्त्रक्रियेआधी मुलाला सगळे सांगितलेच पाहिजे, हा डॉक्टरांचा हट्ट त्यात केवढा मोठा आहे, हे आम्हांला तेव्हा कळले. असो.

पुढचे उपचार बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात. गावोगाव फिरून कर्करोगाची नोंद ठेवण्याचे काम याच बार्शीत 1987 साली सुरू झाले. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली खेडी त्यात आली. आमचे खर्डे जामखेड तालुक्यातले, म्हणून त्या रेषेच्या अलीकडे राहिले.

तिसऱ्या केमोथेरपीपर्यंत हाताच्या शिरा रुसल्या. आदल्या दिवसापासून भरपूर पाणी पिणे, गरम पिशवीने हात शेकणे, मूठ उघडणे-मिटणे, हे सारे आम्ही शिकलो. तरी सुई दोनदा चुकली. तेव्हा परिचारिका खाटेवर टेकून म्हणाली, “मॅडम, आता आपण शीर शोधू. मी तीन म्हटल्यावर टोचते.” टोचणार होती ती, दुखणार होते दुसरीला, तरी ते ‘आपण’ खोटे वाटले नाही. ‘तीन’ ऐकल्याने वेदना कमी झाली असे नव्हे, तिला आरंभ आणि शेवट मिळाला. लाल औषधानंतर लघवी लाल होते, भ्यायचे नाही, हे मात्र शेजारच्या खाटेवरच्या आजींकडून कळले.

त्याच आजी किरणोपचाराला ‘शेक’ म्हणत. “शेक दुखत न्हाई गं पोरी, नुसतं एकटं पडायचं.” खरेच होते. यंत्र सुरू होण्याआधी सगळे खोलीबाहेर जातात, जाड दार लागते आणि हलायचे नसते. तिथे ‘आपण’ संपते. आत ती विभक्तिप्रत्यय मनात म्हणू लागली : स, ला, ते... बाहेर बाकावर दुसराही तेच म्हणत बसे, हे कित्येक दिवस आम्ही एकमेकांना सांगितलेच नव्हते. सांगितले तेव्हा कळले की, दोघांचे यंत्र पंचमीपाशीच थांबत होते. पंचमीचा अर्थ वियोग, हे आम्ही परीक्षेत दोन गुणांना विचारतो. त्या दिवशी गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तीच म्हणाली, “‘खर्ड्याहून’ हीही पंचमीच की!”

पुढच्या महिन्यात मॅमोग्राफी आहे. त्या खोलीतही एकीनेच जायचे असते. परवा दिनदर्शिकेवर ती तारीख लिहिली, तेव्हा पुढे ‘बार्शी, आपण’ असे लिहिले. अक्षर दोघांपैकी कोणाचे, ते इथे सांगत नाही.