शिरोरेघ

१९९३च्या दिवाळीत आप्पांना खात्यावरून एक डायरी मिळाली. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातंच म्हणतात. आप्पा उधन्यात बारा तासांची पाळी करायचे, त्यांना लिहायला वेळ नव्हता. मायला अक्षरओळख नव्हती. म्हणून डायरी माझ्याकडे आली. मी अकरा वर्षांची होते आणि शिंदखेडा तालुक्यातलं गाव सोडून आम्हाला पाच महिने झाले होते.

डायरी विक्रम संवत २०५०ची, कारतक महिन्यापासून सुरू होणारी. पानोपानी गुजरातीत छापलेल्या तिथी. ग, म, न, त ओळखू यायचे, फक्त त्यांच्या डोक्यावर रेघ नव्हती. र मात्र मला दोनच्या आकड्यासारखा दिसे. महापालिकेच्या मराठी शाळेत जात होते, तिथं गुजराती हा विषय होता. त्या तासाला गुरुजी सांगत, रेघ मारायची नाही. पुढच्या तासाला बाई विचारत, रेघ कुठंय?

सुरुवातीची पानं आज वाचवत नाहीत. ‘आज मी शाळेत गेले. आज नळाला पाणी उशिरा आले.’ सगळं पुस्तकी मराठीत. गावच्या शाळेत अहिराणी शब्द तोंडातून गेला की ‘शुद्ध बोल’ ऐकावं लागे, त्यामुळे लिहायचं म्हणजे शुद्धच लिहायचं, एवढं मनात पक्कं बसलेलं. त्या पानांत नळ आहे, शाळा आहे, मी कुठेच नाही.

मग एका पानावर एकच ओळ आहे. ‘माले आठे करमत नही.’ त्या रात्री आप्पा रात्रपाळीला गेले होते. माय भिंतीकडे तोंड करून झोपली होती, पण झोपली नव्हती, हे मला कळत होतं. बाहेर खात्यांची खडखड चालू. मी ती ओळ लिहिली आणि घाबरून पान मिटलं. मग पुन्हा उघडून वाचली. कागदावर मला माझा आवाज पहिल्यांदा ऐकू आला तो तेव्हा.

त्यानंतर अहिराणी थांबली नाही. शेजारची गुजराती मुलगी ‘छे’ म्हणायची, आम्ही ‘शे’ म्हणतो. एका पानावर मी असे जोडशब्द लिहीत सुटले आहे. आपली बोली या लोकांना इतकी जवळची आहे, याचा मला केवढा आनंद झाला होता! श्रावणात मायनं त्या दहा बाय दहाच्या खोलीत आमची देवी कानबाई बसवली. गल्लीतल्या धुळ्या-जळगावकडच्या बाया जमल्या, रोट झाले, रात्रभर गाणी झाली. मी कोपऱ्यात बसून लिहीत होते. मायनं विचारलं, “काय लिखी राहिनी वं?” मी म्हटलं, तू गातेस ते. ती काही बोलली नाही, पण पुढची ओळ तिनं सावकाश म्हटली, मला लिहिता यावी म्हणून.

सप्टेंबरात गणपती विसर्जन होऊन दोन-तीन दिवस झाले असतील, तोच प्लेग आला म्हणून शहरभर हाकाटी झाली. लाखो माणसं सुरत सोडून निघाली. आप्पांनी कुठून तरी टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल आणल्या, आणि तापी लाइनच्या गाडीत आम्ही कसेबसे घुसलो. डायरी पोलक्याच्या आत होती. गाडी नवापूरला बराच वेळ थांबली. १९६०मध्ये राज्यं वेगळी झाली तेव्हा सीमा या स्टेशनातूनच गेली. आता तिथल्या बाकावर मधोमध रेघ आहे, एका अंगाला महाराष्ट्र, दुसऱ्या अंगाला गुजरात. मी तेव्हा लिहिलंय, ‘आठेबी आपला, तठेबी आपला.’

गावात मात्र आम्ही ‘सुरतवाले’ झालो. आमच्या हातचं पाणी कुणी महिनाभर घेतलं नाही. शाळेत शुद्धलेखनाच्या वहीत लाल शाईनं सगळ्या ओळींवर शिरोरेघा ओढून मिळाल्या. हात चुकून गुजराती वळणावर गेला होता. त्या संध्याकाळी मी डायरीचं एक अख्खं पान रेघा ओढून शुद्ध केलं. दुसऱ्या पानापासून पुन्हा बिनरेघेची अहिराणी. तो हट्ट होता, आणि मला तो आजही प्रिय आहे.

आता मी जळगावात राहते. जवळच आसोदा, कवयित्री बहिणाबाईंचं जन्मगाव. त्यांची लेवा बोली आमच्या अहिराणीहून निराळी, पण मायसारखंच त्यांनाही लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पीतांबर यांनी त्यांच्या ओव्या उतरवून घेतल्या. पुस्तक निघालं १९५२मध्ये, बहिणाबाई गेल्यानंतर. हे वाचलं तेव्हा उधन्याच्या खोलीतलं ते पान आठवून मला रडू आलं होतं.

यंदाच्या श्रावणात माय माझ्याकडे होती. मी डायरी काढून कानबाईचं पान तिला वाचून दाखवलं. डोळे मिटून ती ऐकत होती. मध्येच हात वर करून म्हणाली, “थांब. आठे एक ओळ सुटी गयी.”

मी पेन घेतलं. ती सावकाश सांगू लागली.